कधी चालते, कधी रुसते : गटाच्या गाडीचं दुखणं कसं शोधायचं

हातातलं काम सुरू ठेवा, फक्त कान इकडे द्या. आज आम्ही गाडीबद्दल बोलणार आहोत, चारचाकी गाडीबद्दल. काहीजणी म्हणतील, आमच्या दारात कुठली आली गाडी? पण गावात एखादी जुनी व्हॅन कोणाकडे तरी असतेच. बाळंतीण न्यायची असो, संत्र्याचे क्रेट न्यायचे असोत, बँकेत सह्या करायला दहा बाया न्यायच्या असोत, तीच निघते. आणि आता तर गटांच्याही गाड्या झाल्या आहेत. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आणली, ती बचत गटातल्या बाईला प्रवासी गाडी घेता यावी, गावच्या रस्त्यावर ती चालवता यावी, यासाठीच. गाडीच्या किमतीची मर्यादा साडेसहा लाख रुपये ठेवली होती. योजनेतून असो की गटाच्या स्वतःच्या कर्जातून, गाडी दारात आली की तिचं दुखणंही दारात येतं.

गाडी कायमची बंद पडली तर शोधणं सोपं असतं. जे तुटलं ते तुटलेलंच दिसतं. खरा त्रास देते ती कधी चालणारी, कधी रुसणारी गाडी. रस्त्यात तीनदा बंद पडेल आणि मिस्त्रीच्या दारात नेली की पहिल्याच सेल्फला सुरू. ताप आलेलं पोर डॉक्टरसमोर खेळायला लागतं ना, तसं. मिस्त्री म्हणतो, "ताई, गाडी तर चांगली आहे." आपण परत निघतो आणि कळमेश्वर गाठायच्या आत पुन्हा तेच. मग अंदाजाने सामान बदलणं सुरू होतं. एकदा बॅटरी, एकदा प्लग, एकदा पंप. प्रत्येक वेळी पैसे गेले आणि दुखणं जागच्या जागी.

म्हणून आज आम्ही हे सांगतो की असं लपणारं दुखणं पकडायचं कसं. त्यासाठी मिस्त्री व्हायची गरज नाही. डोळे, कान आणि एक वही पुरते, आणि वही ठेवणं आपल्याला कोणी शिकवायला नको.

आधी कानाचं काम. आमच्या रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलीने काही आवाज टेप करून आणले आहेत. मासिकात वाचणाऱ्यांनी ते मनात आणावेत.

पहिला आवाज : टकटकटकटक. चाबी फिरवली की पावसाळी किड्यासारखा भरभर टकटकाट होतो आणि मीटरवरचे दिवे मंद होतात. ही बॅटरी उतरल्याची खूण, नाहीतर बॅटरीच्या टोकाला तार नीट बसली नसल्याची.

दुसरा : टक्. एकदाच आणि मग गप्प. सेल्फला हुकूम पोचला, पण सेल्फ फिरला नाही. सेल्फच्या आतलं काम असू शकतं, जाड तारेचं असू शकतं, इंजिनाला जोडलेल्या अर्थिंगच्या तारेचंही असू शकतं.

तिसरा आवाज म्हणजे काहीच आवाज नाही. चाबी फिरवली आणि शांतता. अशा वेळी हेडलाइट लावून पाहा. दिवे झगझगीत असतील तर बॅटरीत जीव आहे, हुकूम मधेच कुठेतरी अडतोय. चाबीचा स्विच, फ्यूज, रिले किंवा सेल्फकडे जाणारी बारीक तार. दिवेही मेलेले असतील तर पुन्हा बॅटरी आणि तिची टोकं बघायची.

चौथा : घुर्र घुर्र घुर्र घुर्र. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. इथे बॅटरी बदलून काही होणार नाही. इंजिनाला पेट्रोल येत नाही किंवा ठिणगी पडत नाही. चाबी नुसती ऑन करून, सेल्फ न मारता, मागच्या सीटवर बसलेल्या बाईने कान द्यावा. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत टाकीतला पंप दोन-तीन सेकंद बारीक गुणगुणतो. गुणगुण आली तर पंपाला करंट मिळतोय. अजिबात आली नाही तर पंपाचा फ्यूज आणि रिले आधी पाहायला सांगा, पंप नंतर.

नुसतं "गाडी सुरू होत नाही" सांगणं म्हणजे डॉक्टरला "बरं वाटत नाही" सांगण्यासारखं आहे. चारपैकी कुठला आवाज, एवढं सांगितलं तरी मिस्त्रीचं अर्धं काम होतं.

आता चालता चालता बंद पडणाऱ्या गाडीचं. इथे एकच गोष्ट बघायची, पण ती त्याच क्षणी बघायची : मीटरवरचे दिवे. इंजिन बंद पडलं आणि चाबी ऑनच असली तर बॅटरीचा आणि तेलाचा लाल दिवा लागायला हवा. तो लागला, म्हणजे चाबीपर्यंत करंट आहे. दुखणं पुढे आहे, पेट्रोलकडे किंवा ठिणगीकडे. पण इंजिनासोबत सगळं मीटरच अंधारलं, काटे पडले, तर करंटच तुटला. मग लगेच हॉर्न दाबायचा. बऱ्याचशा गाड्यांत हॉर्न आणि चारही इंडिकेटर चाबीशिवाय, सरळ बॅटरीवर चालतात. तुमच्या गाडीचं तसं आहे का, हे घरी उभ्या गाडीत चाबी काढून तपासून ठेवा. मीटर अंधारात आणि हॉर्न मात्र वाजतोय, याचा अर्थ बॅटरी ठीक आहे आणि बॅटरीपासून चाबीपर्यंतच्या वाटेत कुठेतरी जोड सुटतो आहे.

पण हे बघायच्या आधी जीव सांभाळा. इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग असलेल्या गाडीचं स्टिअरिंग एकदम जड होतं. वळतं, पण जोर लावावा लागतो. ब्रेक पहिल्या एक-दोन वेळा लागतो आणि मग दगडासारखा होतो. म्हणून ब्रेक पुन्हापुन्हा पंप करायचा नाही, एकदाच दाबून धरायचा. चाबी पूर्ण मागे फिरवून काढायची नाही, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. चारही इंडिकेटर लावून, गाडीच्या उरलेल्या वेगावर डावीकडे घ्यायची. रेल्वे फाटकात बंद पडली तर आधी सगळ्यांना खाली उतरवून रुळापासून दूर पाठवायचं आणि फाटकवाल्याला कळवायचं. माणसं उतरायच्या आत गाडीत हात घालायचा नाही. सामान, क्रेट, काहीच मोलाचं नाही त्या वेळी. काटोल, नरखेडकडच्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको, गाड्यांची ये-जा त्या रोज बघतात.

आता आमच्या गाडीची हकीकत. काटोल तालुक्यातला आमचा गट. आमच्याकडे सेकंडहँड पेट्रोल व्हॅन आहे, पिवळ्या पाटीची, पुढच्या सीटखाली इंजिन असलेली. संत्र्याच्या हंगामात तिने कळमन्याच्या बाजारात माल जातो, एरवी बाया नागपूरला मेडिकलला, तहसीलला, लग्नाला जातात. गाडी चालवते आमच्यातलीच एक. लायसन्स तिने काढलं तेव्हा गावात बरीच चर्चा झाली होती.

गेल्या उन्हाळ्यात गाडी रुसायला लागली. कधी चाबी फिरवल्यावर काहीच नाही, दोन-चारदा फिरवली की सुरू. कधी धावता धावता क्षणभर मेल्यासारखी होऊन पुन्हा पकडायची. कधी पूर्णच बंद. एकदा फेटरीच्या अलीकडे अर्धा तास उभी राहिली आणि माल लिलाव संपल्यावर पोचला. त्या दिवशी जो भाव मिळाला तो इथे सांगवत नाही. पण त्याहून वाईट वेगळंच झालं. आमच्या गावच्या एका आजीला दर पंधरा दिवसांनी तपासणीला न्यावं लागतं. ती आदल्या रात्री निरोप पाठवायला लागली, "पोरी, उद्या गाडी पोचवन ना व मले?" मग तिने एस.टी.ने जायला सुरुवात केली, दोन ठिकाणी चढून उतरून, त्या वयात. आणि पारावर एक वाक्य फिरायला लागलं की बायांच्या हाती गाडी टिकत नाही. कर्जाचा हप्ता तर दर महिन्याला होताच.

पहिल्या गॅरेजवाल्याने बॅटरी बदला म्हटलं. आमच्याकडे मीटर होता. करंट मोजायचा साधा डिजिटल मीटर, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. ज्या गटाकडे गाडी आहे त्याने तो घ्यावाच, असं आमचं स्पष्ट मत आहे. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मोजली तर १२.६ व्होल्ट. म्हणजे भरलेली. १२.२ च्या आसपास असती तर अर्धी, १२ च्या खाली असती तर रिकामी. सेल्फ मारताना कोणीतरी मीटर धरून बघायचं, आकडा साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी थकली. आमचा साडेदहावर थांबला. इंजिन सुरू असताना १४ दाखवला. तो १३.८ ते १४.५ च्या मधे असावा. १३ च्या खाली असेल तर डायनामो चार्ज करत नाही, त्याचा बेल्ट तपासायचा. आमचं सगळं ठीक होतं. बॅटरी बदलली नाही.

शहरातल्या दुसऱ्या एका गॅरेजने टाकीतला पेट्रोल पंप खराब आहे म्हणून सांगितलं. आम्ही म्हटलं, पंपाचं प्रेशर मोजून दाखवा, कमी निघालं तर आत्ता बदला. तो म्हणाला, "ताई, तुम्हाला काय कळणार त्यातलं, आम्ही वीस वर्षं हेच करून राहिलो." वीस वर्षांचा मान ठेवून आम्ही गाडी घेऊन निघालो. कारण आमचा प्रश्न साधा होता : पंप बंद पडला तर मीटरवरचे दिवे का जातात? पंप आणि मीटरचे दिवे यांचा एकमेकांशी काय संबंध?

तोवर आमची वही सुरू झाली होती. गटाच्या कर्जवहीसारखीच, उभे रकाने आखलेली. तारीख आणि वेळ. गाडी थंड की तापलेली. टाकीत पेट्रोल किती. रस्ता कसा, खड्डा की सपाट. काय काय चालू होतं, दिवे, पंखा, गाणी. मीटरचे दिवे गेले का. हॉर्न वाजला का. परत सुरू कशी झाली आणि किती वेळाने. गाडी चालवणारी लिहीत नाही, ती गाडी बाजूला घेते. शेजारी बसलेली लिहिते. शेजारची निरक्षर असेल तर खुणा करते, आमच्याकडे दोन नोंदी अशाच फुली आणि गोळ्याच्या आहेत आणि त्या सगळ्यात स्पष्ट आहेत.

सव्वा महिन्यात चौदा नोंदी झाल्या. एक दिवस मीटिंगमधे आम्ही त्या वाचत बसलो. चौदापैकी बारा वेळा मीटर अंधारलं होतं. हॉर्न जितक्यांदा दाबला तितक्यांदा वाजला होता. पेट्रोल कधी जास्त, कधी कमी, त्याचा काही मेळ नव्हता. पण एक रकाना बोलत होता. अकरा वेळा पंखा, म्हणजे गाडीतला ब्लोअर, मोठ्यावर चालू होता. उन्हाळा, मागे आठ बाया, पंखा तर लागणारच. मग आम्ही एक आठवडा पंखा लावलाच नाही. घामाने जीव गेला, पण त्या आठवड्यात गाडी एकदाच रुसली, तीही चाबी फिरवताना.

ही वही घेऊन आम्ही मेकॅनिककडे गेलो नाही, गाड्यांचं वायरिंग करणाऱ्याकडे गेलो. हा फरक लक्षात ठेवा. इंजिनाचं काम वेगळं, करंटचं काम वेगळं, आणि गावाकडे बरेचदा आपण सगळंच एका मिस्त्रीपुढे ठेवतो. त्याने वही वाचली, स्टिअरिंगखालचं झाकण उघडलं आणि चाबीच्या स्विचमागचा कपलर बाहेर ओढला. पांढरं प्लॅस्टिक एका बाजूने करपून तपकिरी झालेलं. आतली एक पिन ढिली, काळी पडलेली. ब्लोअरचा सगळा करंट त्या स्विचमधूनच जात होता. जोड ढिला, म्हणून तापायचा. तापला की आणखी ढिला व्हायचा. खड्डा बसला की क्षणभर सुटायचा, आणि सुटला की इंजिन, मीटर, पंप, सगळ्यांचा करंट एकदम जायचा. त्याने स्विच आणि कपलर बदलला आणि ब्लोअरला वेगळा रिले लावून दिला, म्हणजे मोठा करंट आता स्विचमधून जात नाही. पंपाला सांगितलेल्या पैशाच्या चौथ्या हिश्शातही सगळं झालं. जळका कपलर आम्ही मागून घेतला. तो गटाच्या कपाटात आहे, मीटिंगला नव्या बाया आल्या की दाखवतो.

चाबीवरून आठवलं. गाडीच्या चाबीला घराची, गोदामाची, कपाटाची, देवळाची अशा सगळ्या चाब्या लटकवायची सवय खूप ठिकाणी दिसते. तो जुडगा प्रत्येक खड्ड्याला स्विचला हिसके देतो. गाडीची चाबी एकटी ठेवा.

गाडीत बाईने हात घालण्याचं ज्यांना नवल वाटतं त्यांना एक जुनी गोष्ट सांगावी. १८८८ चा ऑगस्ट महिना, देश जर्मनी. पेट्रोलवर चालणारी मोटारगाडी कार्ल बेंझने बनवली होती, पण तिच्यावर लोकांचा भरवसा बसत नव्हता. त्याची बायको बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून आपल्या माहेरी फोर्झहाइमला त्या गाडीने निघाली. शंभरेक किलोमीटर. मोटारीचा हा पहिला लांबचा प्रवास मानतात. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली, ती तिने टोपीला लावायच्या लांब पिनेने मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडून घासायला लागली, तिला मोज्याचा बंद गुंडाळला. इंधन संपलं ते औषधाच्या दुकानातून घेतलं. बघा, दुखणी तीच होती, एक पेट्रोलचं आणि एक करंटचं. माहेरची ओढ काय काय करून घेते!

आता आपल्या नागपूरच्या उन्हाकडे येऊ. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. एवढ्या उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याखाली काय होत असेल ते तुम्हीच समजा. बॅटरी हिवाळ्यात सेल्फ मारत नाही म्हणून आपण थंडीला दोष देतो, पण तिचं आयुष्य खाल्लेलं असतं उन्हाळ्याने. आतलं पाणी उडतं, प्लेटा झिजतात. झाकणवाली बॅटरी असेल तर उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पाणी बघा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका. विहिरीचं, फिल्टरचं पाणी चालत नाही.

टोकांवर पांढरा-हिरवा बुरा जमला असेल तर तो काढायचा. इंजिन बंद, बांगड्या आणि अंगठी काढून. आधी काळी, म्हणजे मायनसची तार सोडायची, मग लाल. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासायचं, झाकणातून आत पाणी जाऊ द्यायचं नाही, कोरडं पुसायचं. लावताना उलटं, आधी लाल, शेवटी काळी. वर थोडं व्हॅसलीन. तार हाताने हलवून पाहायची, हलली तर आवळायची. काळी तार जिथे बॉडीला आणि इंजिनाला बोल्टने बसवली आहे तिथेही गंज बघायचा. रुसणाऱ्या किती गाड्या एवढ्याने सुधारतात हे मिस्त्री लोक आपण होऊन सांगत नाहीत.

उन्हाचं आणखी एक दुखणं असतं. सकाळी गाडी छान सुरू होते, नागपूरपर्यंत छान जाते, बाजारात इंजिन बंद करून वीस मिनिटांनी सेल्फ मारला की फिरते पण पकडत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने थंड झाली की काही झालंच नाही अशी सुरू. असं वहीत दोन-तीनदा आलं तर क्रँक सेन्सर किंवा ठिणगीची कॉइल तापल्यावर दगा देते आहे, हा संशय घ्यायचा. इंजिन किती फिरतं हे हा सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. त्याने सांगणं थांबवलं की कॉम्प्युटर पेट्रोलही देत नाही आणि ठिणगीही नाही. गंमत अशी की थंड गाडीत तपासला तर तो ठीकच निघतो. म्हणून मिस्त्रीला सांगायचं, गाडी तापवा आणि दुखत असतानाच तपासा. लवकर थंड व्हावी म्हणून तापलेल्या इंजिनावर पाणी मात्र ओतू नका, आणि रेडिएटरचं झाकण उघडू नका. वाफेने तोंड भाजतं.

सेन्सरवर किती भरवसा ठेवायचा? मे २०२४ मध्ये नागपुरात ५६ अंश तापमान झाल्याची बातमी देशभर गेली होती, आठवतं का? नंतर हवामान खात्यानेच सांगितलं की स्वयंचलित केंद्रातल्या सेन्सरचा दोष होता. गाडीतही असंच होतं. मीटरवर इंजिनाचं पिवळं चित्र लागलं की गॅरेजवाला स्कॅनर लावतो आणि एक कोड येतो. कोड म्हणजे निकाल नव्हे. अमुक सेन्सरचा कोड आला तर सेन्सर खराब असेल, त्याची तार तुटली असेल, किंवा तो खरंच काहीतरी वाईट बघून सांगत असेल. तो कोड वहीत लिहून घ्या, पुसायच्या आत. आणि गॅरेजला जायच्या आधी बॅटरीची तार काढू नका, बऱ्याच गाड्यांत साठलेले कोड त्याने पुसले जातात.

पेट्रोलचं थोडक्यात. टाकीतला पंप पेट्रोलातच बुडालेला असतो आणि त्यानेच थंड राहतो. रोज शंभर रुपयांचं टाकून काट्याच्या शेवटच्या रेघेवर गाडी चालवली की पंप तापतो. पाव टाकी तरी राहू द्या. चढावर, भरलेल्या गाडीला दम लागतो, सपाटीवर नाही, असं वहीत दिसलं तर पेट्रोल फिल्टर तुंबला असेल, एअर फिल्टरही बघून घ्या. शेतरस्त्याच्या धुळीत तो लवकर भरतो. आणखी एक साधी परीक्षा : दम लागून बंद पडली की टाकीचं झाकण उघडा. सूंऽऽ करून हवा आत ओढली गेली आणि गाडी नीट चालायला लागली, तर झाकणाची नाहीतर टाकीची हवेची वाट बंद आहे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणून महिना-दीड महिना उभी राहणारी गाडी पावसाळ्यात अर्ध्या टाकीवर ठेवू नका, आणि जुनी गाडी असेल तर रबरी नळ्या चिरल्या आहेत का, पेट्रोलचा वास येतो का, हे सर्व्हिसिंगला विचारून घ्या. गॅसवर चालणारी गाडी असेल तर घरी काहीच उघडायचं नाही. वास आला की सगळे खाली आणि सरळ गॅसकिट बसवणाऱ्याकडे.

उंदीर. गाडी गोठ्याजवळ किंवा धान्याच्या कोठीजवळ उभी राहत असेल तर तारा कुरतडल्या जाणार हे धरूनच चाला. आठवड्यातून एकदा सीट उचलून टॉर्चने बघा. लेंड्या दिसल्या, कापसाचा बोळा दिसला, की तारा तपासा. कुरतडलेल्या तारेला नुसती चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही. आणि फ्यूज उडाला तर त्या जागी तार किंवा सिगारेटचा चांदीचा कागद कधीही लावू नका. कितीही घाई असो. फ्यूज उडतो तो गाडी जळू नये म्हणून.

गॅरेजमध्ये बोलताना तीन गोष्टी आम्ही आता नेहमी म्हणतो. "बदलायच्या आधी मोजून दाखवा." "जुनं सामान परत द्या." "बिलावर काय बदललं ते लिहा." चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही. उलट वहीवाली गिऱ्हाइकं त्याला आवडतात, त्याचा वेळ वाचतो. ज्याला राग येतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जायचं का, ते तुम्ही ठरवा.

आमची गाडी आता दिवाळीपासून वाटेत बंद पडलेली नाही. वही मात्र डिकीतच असते, मीटर, टॉर्च, दोन जास्तीचे फ्यूज, बॅटरीला बॅटरी जोडायच्या तारा आणि दहा नंबरच्या पान्याच्या शेजारी. आजी पुन्हा आमच्याच गाडीने तपासणीला येते. पुढच्या सीटवर तीच बसते आणि रकाने तीच भरते, फुली आणि गोळ्यांनी.

तारा जोडून दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर सुरू कशी करायची, कुठली तार आधी लावायची, हे बऱ्याच जणींनी विचारलं आहे. ते नुसतं ऐकून करण्यासारखं नाही, बघून शिकायचं आहे. तालुक्याच्या पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीला आम्ही गाडी घेऊन येतो. गाडीवाल्या गटांनी आपापल्या गाड्या आणि जुने टूथब्रश घेऊन यावं.